लाईन गेली की संपमधून पाणी फरशीवर: खाऱ्या टँकचं प्लंबिंग कुठं चुकलं?

पूर्णाकाठ
दर्यापूर तालुका. १२० बाय ४५ बाय ४५ सेंमीचा खाऱ्या पाण्याचा टँक, खाली ७५ बाय ३५ चा संप (वरून उतरलेलं पाणी जमणारी, रिटर्न पंप असलेली खालची टाकी). मासे, थोडे सॉफ्ट कोरल, गोगलगायी आहेत.

लाईन (वीज) गेली की थोड्याच वेळात संप भरून पाणी फरशीवर येऊन राहिलं. संपमधून पाणी वर नेणाऱ्या रिटर्नच्या पाइपात चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) आहे, तरीही. लाईन परत आली की पंप नुसता घूं घूं करतो, बोटानं इम्पेलर (आतलं फिरणारं चाक) हलवला तरच फिरतो. शिवाय टँक कनेक्टर (काचेच्या छिद्रात बसणारा जोड), त्याच्या पुढच्या एल्बोतून पाझर आहे. प्लंबरनं वरून दोनदा सोल्युशन लावलं, थांबला नाही.

टॉप-अपला, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढायला, घरच्या आरओचं पाणी टाकतो. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १८०० च्या जवळपास आहे.

रीफ_वऱ्हाड
भाऊ, चेक व्हॉल्व्हच्या भरवशावर राहूच नका. त्याच्या झडपेवर चुन्याचा थर बसतो, शेवाळ अडकतं, कधी बारकी गोगलगाय शिरते. मग झडप पूर्ण मिटत नाही आणि पाणी उलटं उतरत राहतं.

रिटर्नचं तोंड पाण्याखाली किती आहे ते आधी मोजा. तुमच्या टँकमध्ये १ सेंमी पाणी म्हणजे ५.४ लिटर. तोंड ५ सेंमी खाली असेल तर पंप बंद पडल्यावर सायफननं २७ लिटर खाली येणार. संपमध्ये १ सेंमीला २.६ लिटरच मावतं, म्हणजे पातळी १० सेंमीनं चढणार. ओव्हरफ्लो बॉक्समधलं (टँकचं जादा पाणी खाली सोडणारा कप्पा) आणि पाइपातलं पाणी वेगळंच.

तोंड वर घ्या, जेमतेम १ सेंमी बुडेल इतकं. ते जमत नसेल तर रिटर्नच्या पाइपाला पातळीच्या १ सेंमी खाली ४ मिमीची दोन छिद्रं पाडा, आतल्या बाजूला, म्हणजे फवारा बाहेर उडणार नाही. पातळी छिद्रापर्यंत आली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. ही छिद्रं शेवाळानं बुजतात, म्हणून दर आठवड्याला दातकोरण्यानं मोकळी करायची. विसरलात तर पुन्हा फरशी पुसणं आलं.

मग मुद्दाम स्विच बंद करा आणि वरचं पाणी उतरणं थांबेपर्यंत थांबा. संप काठोकाठ येत असेल तर पाणी कमी करा आणि पुन्हा तपासा. काठापासून ३ सेंमी तरी जागा उरली पाहिजे. मग पंप चालू करून पाणी जिथं स्थिर होईल तिथं मार्करनं रेघ मारा. या रेघेच्या वर टॉप-अप कधीच नाही.

पंपाचं कारण साधं आहे. पंपाच्या उष्णतेनं इम्पेलरच्या दांडीवर कॅल्शियम बसतं. चालू असतो तोवर फिरतो, पण थांबल्यावर पुन्हा सुटायला जोर लागतो आणि गावात संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व १ लिटर पाण्यात दोन मोठे चमचे घ्या, सगळे भाग तासभर भिजवा, जुन्या टूथब्रशनं घासा, साध्या पाण्यानं धुवा. दर दोन-तीन महिन्यांनी. बाथरूम धुवायचं ॲसिड वापरू नका. दांडी सिरॅमिकची असेल तर सरळच ओढा, तिरपी ओढली की तुटते.

ठिबकवाला
पाझराबद्दल. पाइप कृषी केंद्रातून आणला का? शेतीचा ३२ मिमी पाइप बाहेरून ३२ मिमीच असतो. प्लंबिंगच्या १ इंची फिटिंगला ३३.४ मिमीचा पाइप लागतो. तो दीड मिमीचा फरक सोल्युशननं भरून निघत नाही; काही दिवस टिकतो आणि पाझरायला लागतो. घरातल्या सीपीव्हीसी पाइपाचं माप तिसरंच. पाइप आणि फिटिंग एकाच मापपद्धतीचं घ्या.

वरून सोल्युशन थापून काही होत नाही. सांधा कापून नवा करा: तोंडाचा बुरा काढा, पूर्ण कोरडं करा, दोन्हीकडे पातळ हात, आत घालताना पाव फेरा, अर्धा मिनिट दाबून धरा. २४ तास पाणी नाही.

टँक कनेक्टरचं रबर वॉशर फ्लॅंजच्या (कनेक्टरची रुंद कड) बाजूला, म्हणजे आतून. नट हातानं घट्ट आणि वर पाव फेरा, बस. पान्यानं आवळलं तर काच तडकते. आट्यांना फक्त टेफ्लॉन टेप. प्लंबर सफेदा-धागा काढेल, त्याला थांबवा. पितळी नोझल, पितळी आटे बसवलेला एल्बो, पितळी बॉल व्हॉल्व्ह यातलं काहीच पाण्याला लागू देऊ नका. तांबं सुटतं आणि गोगलगायी, कोरल आधी मरतात. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा जोड) टाकाच, नाहीतर दर सफाईला पाइप कापावा लागेल.

रीफ_वऱ्हाड
आरओचं राहिलं. घरच्या मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करा किंवा मेम्ब्रेनमधून (आरओचा क्षार अडवणारा पडदा) निघालेली नळी थेट काढा. मिनरल काडतूस नको, आणि कॉपरवालं तर अजिबात नको. मेम्ब्रेन चांगली असली तर १८०० चं ७०-१०० पर्यंत येईल. तेही जास्तच आहे, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरणारे दाणे) लावून टीडीएस ० करा. इतका टीडीएस येत असेल तर रेझिन भराभर संपेल, म्हणून मेम्ब्रेन वेळेवर बदलणं स्वस्त पडतं.

पूर्णाकाठ
आमचं पाणी तसंही खारपाणपट्ट्यातलं. मीठ कमी टाकून तेच वापरलं तर?

रीफ_वऱ्हाड
नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम ४०० च्या वर, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास पीपीएम (दशलक्षात इतके भाग) असतं. आपल्या खारेपणात ते प्रमाण नाही, आणि नायट्रेट असलं तर ते फुकटचं येतं. शून्य टीडीएसच्या पाण्यात रीफ सॉल्ट (समुद्री टँकसाठीचं तयार मीठ) घाला, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, २५ अंशाला सापेक्ष घनता १.०२५-१.०२६ जुळवा. टॉप-अप मात्र बिनमिठाचा. उडतं ते पाणी, मीठ टँकमध्येच राहतं.

ठिबकवाला
उन्हाळ्याचंही आत्ताच पाहा. संपवर छोटा पंखा लावला की १ लिटर उडताना तुमच्या टँकचं पाणी दोन अंशांच्या आसपास थंड होऊ शकतं. मेमध्ये हवा कोरडी, म्हणून चालतं. पण त्याच बंद खोलीत कूलर लावला की हवा दमट होते आणि पंखा निकामी. खिडकी उघडी ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये पंख्याचा फारसा उपयोग नाही.

टॉप-अपला फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी चढली की बंद होणारी तरंगती झडप) लावाल तर प्लास्टिकचा. वरचा डबा १० लिटरचाच ठेवा: फ्लोट अडकून सगळा रिकामा झाला तरी खारटपणा हजारी ३५ वरून ३४ च्या आसपास येईल, मासे सहन करतील. मात्र रेघेच्या वर हे १० लिटर मावतील एवढी जागा संपमध्ये धरा, म्हणजे आणखी ४ सेंमी. नळीचं तोंड पाण्यात बुडवू नका.

इन्व्हर्टरवर रिटर्न पंप नको, वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा छोटा पंप) घ्या. बॅटरी जास्त पुरते आणि वरचं पाणी हलत राहिलं की ऑक्सिजन मिळतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप तापतात. स्किमर (फेसाबरोबर मळ काढणारं यंत्र) लाईन आल्यावर लगेच चालू करू नका. संपची पातळी रेघेवर यायच्या आधी सुरू झाला तर कप भरून सगळा मळ परत पाण्यात सांडतो. कपाची मान आठवड्यातून दोनदा पुसा, २०० मायक्रॉनची सॉक (पाणी गाळणारी पिशवी) तीन-चार दिवसांनी बदला.