नववीच्या पुढच्या मुलांना मोफत जेवण देणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप करू का?

कातळावरची
नमस्कार सगळ्यांना. मी लांजा तालुक्यातली, रत्नागिरीत टीवाय बीएला आहे, विषय समाजशास्त्र. नवीन शिक्षण धोरणामुळे आम्हाला आता ओजेटी करावं लागतं, चार क्रेडिट म्हणजे 120 तास कुठेतरी प्रत्यक्ष काम. मैत्रिणी बहुतेक बँक नाहीतर पतपेढी बघतायत. मला मात्र एका संस्थेत जायचंय, ती तालुक्याच्या गावी नववी ते बारावी आणि कॉलेजच्या पोरांना दुपारचं जेवण मोफत देते. शाळेतला पोषण आहार आठवीला संपतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण नववीत गेल्यावर भूक काय संपत नाही उलट वाढते, आणि नेमकी तेव्हाच शाळा लांब जाते. सकाळी अंधारात वाडीतून वस्तीची गाडी पकडायची, परतीची गाडी संध्याकाळी, मधे एखादा वडापाव मिळाला तर मिळाला. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे म्हणून घरचे पाठवतात तरी, पण जेवणाचं काय? मी स्वतः अकरावी-बारावी अशीच काढली आहे त्यामुळे हे काम मला मनापासून करायचंय.

आई म्हणते कर, बाबा म्हणतात पंगत वाढायला तुला कॉलेजात घातलं का. तर अशा ठिकाणी इंटर्नला नक्की काय काम असतं, त्यातून शिकायला काय मिळतं, आणि संस्था धड आहे की नाही हे आधी कसं बघायचं? कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

टोप_आणि_डाव
ताई नक्की जा. मी चिपळूणच्या बाजूला अशाच एका किचनचं काम बघतो, इंटर्न येतात आमच्याकडे. बाबांना सांग वाढप हे शेवटच्या अर्ध्या तासाचं काम, खरं काम आदल्या संध्याकाळी सुरू होतं ते म्हणजे उद्या किती जण जेवणार याचा आकडा काढणं. आकडा चुकला की एकतर शेवटच्या पोरांना नुसता भात उरतो नाहीतर टोपभर आमटी वाया जाते.

हिशेब असा धर. सरकारी पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला रोज 150 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 75 ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल धरतात, त्यातून 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रोटीन मिळावं असं गणित आहे. म्हणजे 100 पोरांना 15 किलो तांदूळ, 3 किलो डाळ, साडेसात किलो भाजी, पाऊण किलो तेल. आमची पोरं त्याहून मोठी, एकेकाचं वय अठरा-वीस, म्हणून आम्ही हा आकडा कमीत कमी समजतो आणि कडधान्य वाढवतो. कुळीथ, काळे वाटाणे, मटकी, पोरं आवडीने खातात.

आता कोकणातली खरी गंमत पावसाची. जुलैत रेड अलर्ट येतो आणि कलेक्टर सुट्टी जाहीर करतात, कधी रात्री तर कधी पहाटे. तोपर्यंत कडधान्य भिजत घातलेलं असतं. अशा वेळी पाणी काढून फडक्यात बांधून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी मोड आलेली उसळ होते, काही वाया जात नाही. पण भात एकदा शिजला आणि सुट्टी झाली तर तो दुसऱ्या दिवशी अजिबात वाढायचा नाही, आमच्या दमट हवेत भात फार लवकर आंबतो आणि त्यातले जंतू असे आहेत की परत गरम केला तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी शिजलेलं अन्न तासाभरात कुठे न्यायचं, जवळचं हॉस्टेल, बंदरावरची मजूर वस्ती, याची यादी तयार पाहिजे. ही यादी करणं हे इंटर्नचं काम. गाडीत नेताना अन्न 60 अंशांच्या वर राहिलं का हे थर्मामीटर घालून वहीत लिहिणं हेही इंटर्नचं. शिकायचं म्हणशील तर एवढं पतपेढीत नाही शिकणार तू.

निवृत्त_मास्तर_देवगड
बाळा, मी तीसेक वर्षं शाळेत काढली, शिजवलेलं जेवण शाळेत आलं ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस आहे. 1995 साली योजना आली तेव्हा बऱ्याच राज्यांत घरी न्यायला नुसता तांदूळ द्यायचे, 2001 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की शिजवलेलं गरम जेवणच द्या, त्यानंतर हळूहळू चुली पेटल्या. फरक वर्गात दिसायला लागला, दुपारनंतरच्या तासाला पोरं डोकं टेकून झोपायची ती जागी राहायला लागली. आमच्या शाळेत जेवण करणाऱ्या बाई म्हणायच्या, "पोटात काय नाय तर डोक्यात काय जातला?"

पण नववीच्या वरच्या पोरांची गोष्ट वेगळी आहे, तिथे तू समाजशास्त्रवाली आहेस तर नीट लक्ष दे. लहान पोर ताट घेऊन बसतं, त्याला लाज माहीत नसते. सोळा वर्षांच्या मुलाला फुकट जेवतो हे मित्रांनी बघितलेलं चालत नाही. एका ठिकाणी मी पाहिलं, संस्था चांगली, जेवण उत्तम, पण आधी पिवळं रेशनकार्ड दाखवा आणि वेगळ्या रांगेत उभे राहा. निम्मी पोरं आलीच नाहीत, एसटी स्टँडवर बसून पाणी पिऊन दुपार काढायची. नंतर त्यांनी सरसकट केलं, जो येईल तो जेवेल, प्राध्यापकही त्याच पंगतीत बसायला लागले, मग गर्दी झाली. ज्याला खरंच गरज आहे त्याला गरज सिद्ध करायला लावू नये असं माझं ठाम मत आहे, चार खात्यापित्या घरची जास्त जेवली तर जेवू देत.

आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बंदरावरच्या पोरांकडे बघ. घरात पैसा फिरत नाही, पोरगं तोंडाने सांगणार नाही, पण दुसऱ्यांदा भात मागतं तेव्हा कळतं.

हिशेब_पक्का
संस्था कशी तपासायची ते सांगतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, नंबर माग. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर, म्हणजे सामाजिक संस्थांची नोंद असते त्या सरकारी वेबसाइटवर, नाव शोध. अन्न शिजवून वाटतात म्हणजे एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचं रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स लागतंच, ते किचनमधे भिंतीवर लावलेलं असायला हवं. मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट बघायला माग, जी संस्था दाखवायला कुरकुर करते तिथे जाऊ नकोस. स्टायपेंड बऱ्याच ठिकाणी नसतो पण जाण्यायेण्याचं भाडं आणि दुपारचं जेवण तरी ठरवून घे, आणि कामाचे तास, मार्गदर्शक कोण, सर्टिफिकेट कधी, हे सगळं कागदावर सहीशिक्क्यासह. कॉलेजला तेच लागतं.

फोटोबद्दल एक. देणगीदारांना फोटो हवे असतात हे मान्य, पण अठराच्या आतल्या मुलांचे जेवतानाचे चेहरे पालकांना न विचारता इन्स्टावर टाकायला सांगितले तर सरळ नाही म्हण. टोपाचा फोटो काढ, भाजीचा काढ.

कातळावरची
खूप खूप आभार सगळ्यांचे, बाबांना मास्तरांची कमेंट वाचून दाखवली, काही बोलले नाहीत पण उद्या गाडीवरून सोडतो म्हणाले 🙂 आज मी तिथे नुसतं बघायला गेले होते. लायसन्स भिंतीवर आहे, ऑडिटही दाखवलं. एक गोष्ट खटकली, मुली अगदी थोडं वाढून घेतात, मुलं दोनदा-तीनदा घेतात. भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या रोजचंच आहे. प्रोजेक्टचा विषय हाच घेऊ का?

नर्सताई_कुडाळ
हाच घे गं, डोळे झाकून. एनएफएचएस-5 म्हणजे 2019-21 च्या देशपातळीवरच्या पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींमधे 59 टक्के जणींना अॅनिमिया निघाला. आमच्याकडे पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात येतात त्या मुली पण हेच सांगतात, चक्कर येते, जिना चढला की धाप लागते. घरी आई सगळ्यांचं झाल्यावर जेवते, मुलगी ते बघत मोठी होते, मग पंगतीत सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा मागायला तिला जड जातं.

विचारताना "कमी का खातेस" असं विचारू नकोस, कोणी खरं सांगणार नाही. त्यांच्यात बसून जेव. काही साध्या गोष्टी करून बघता येतील, मुलींच्या बाजूला मुलीनेच वाढायचं, विचारायचं नाही थेट दुसरा डाव घालायचा, पहिल्यांदाच उसळ जास्त वाढायची. परतीच्या गाडीत पोट जड नको किंवा बाथरूम स्वच्छ नाही म्हणून पाणीसुद्धा पीत नाहीत असंही असतं, तेव्हा तिथलं बाथरूम आधी बघून घे, पाणी येतं का, कडी लागते का. जेवणात लाल माठ, शेवग्याचा पाला, नाचणी येईल असं बघा आणि ताटात लिंबाची फोड ठेवा, लोह अंगी लागायला मदत होते. जेवल्या जेवल्या चहा मात्र नको.

टोप_आणि_डाव
नर्सताईंचा बाथरूमचा मुद्दा एकदम बरोबर, आमच्याकडे कडी बसवल्यावर मुली निवांत बसून जेवायला लागल्या. ताई तू असं कर, पहिल्या आठवड्यात काहीही न बदलता फक्त नोंद ठेव, मुलींच्या बाजूला किती भात गेला, किती उसळ गेली, ताटात किती उरलं. मग बदल कर आणि तशीच नोंद परत ठेव. किचनच्या ताईंना आधी विश्वासात घे, त्यांना वाटायला नको की कॉलेजवाली आपल्या चुका काढायला आली आहे. पहिले दोन दिवस त्यांच्याबरोबर भाजी चिरायला बस, अर्धी माहिती तिथेच मिळेल. नोंदीचा तक्ता पाहिजे असेल तर आमचा इथे टाकतो.

कातळावरची
हो दादा टाका, सोमवारपासून सुरू करतेय.