मदत हवी आहे: रोबोटिक्स टीमसाठी बॅटरी चार्जिंगची ट्रॉली, पण बोर्ड तापतोय

मंडळी, लेक नववीत आहे, शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये. पालकांच्या पहिल्या मीटिंगमध्ये जो तोंड उघडतो तो अडकतो, तशी मी अडकले. नोकरी बँकेत, विजेचं ज्ञान फ्यूज बदलण्यापुरतं. तेव्हा सांभाळून घ्या.

रोबो 'फर्स्ट रोबोटिक्स काँपिटिशन' या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धेच्या धर्तीवरचा आहे. बॅटरी १२ व्होल्ट, १८ एएचची (ॲम्पिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) सीलबंद लेड ॲसिड, एकेक सहा किलोच्या आसपास. सामना जेमतेम अडीच मिनिटांचा, पण तेवढ्यात मोटारी बॅटरीला पार पिळून काढतात. म्हणून बॅटऱ्या आठ आणि चार्जर सहा. तिथल्या नियमानुसार चार्जिंग ६ ॲम्पिअरच्या वर न्यायचं नसतं, म्हणून चार्जरही तेवढ्याचेच घेतले. (इन्व्हर्टरवाल्याने बॅटरी हातात घेऊन "मॅडम, यात पाणी कुठून टाकता?" असं विचारलं. त्या दुकानात पुन्हा गेलो नाही.)

आतापर्यंत सगळा कारभार लॅबच्या फरशीवर चालायचा. आता अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून सव्वा इंची चौकोनी पाइपची ट्रॉली करून घेतलीय, खाली चार चाकं, प्लायच्या दोन फळ्या. सहाही चार्जर एका एक्स्टेन्शन बोर्डात लावले आणि तासाभरात प्लास्टिक जळाल्याचा वास. एका सॉकेटभोवती तपकिरी डाग पडलाय. टीमचं म्हणणं, लोड जास्त झाला, १६ ॲम्पिअरचा नवा पॉइंट घेऊन जाड वायर टाकू. शाळा म्हणते, भिंत फोडायची नाही.

शिवाय धूळ बसू नये म्हणून ट्रॉलीला चहूबाजूंनी ॲक्रिलिक लावायचा विचार आहे. आणि कुठली बॅटरी भरलेली, कुठली रिकामी, यावरून रोज भांडण. पुढच्या महिन्यात हे सगळं टेम्पोत घालून सिन्नर-संगमनेरमार्गे पुण्याला न्यायचंय. काय करू?

सातपूरचा वायरमन:
ताई, आधी हिशोब करा. एक चार्जर बॅटरीला ६ ॲम्पिअर देतो, साडेचौदा व्होल्टला. म्हणजे ८७ वॅट. चार्जरमधला तोटा धरून ११० म्हणा. सहाचे झाले ६६०. भागिले २३०, तीन ॲम्पिअरच्याही आत. इस्त्री याहून जास्त खाते! साधा ६ ॲम्पिअरचा पॉइंट पुरतो, भिंत फोडू नका.

तीन ॲम्पिअरवर बोर्ड जळतो तेव्हा दोष लोडचा नसतो, लूज कॉन्टॅक्टचा असतो. चार्जर ठोकळ्यासारखे, पिनवरच लटकणारे आहेत का? असतील तर त्यांच्या वजनाने सॉकेटची पितळी पट्टी फाकते. तो बोर्ड फेकून द्या. फळीवर चांगल्या मॉड्युलर सॉकेटांची पट्टी बसवा, चार्जर फळीला पट्ट्याने बांधा, पिनवर वजन नको. येणाऱ्या लाइनवर ६ ॲम्पिअरचा एमसीबी (लोड वाढला की पडतो) आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (गळतीचा करंट असला की पडतो, शॉकपासून वाचवतो). आणि ट्रॉली लोखंडी आहे, तिला अर्थिंग द्याच. मुलं हात लावणार आहेत.

कॉलेज रोडकर:
ॲक्रिलिकला माझा कडक विरोध. बॅटरी सीलबंद म्हटलं तरी आत झडप असते आणि जास्त चार्ज झाली तर हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. मागची बाजू आणि वरचा भाग उघडा ठेवा, धुळीसाठी रात्री जुनी चादर टाका. बॅटऱ्या खालच्या फळीवर, म्हणजे ट्रॉली कलंडणार नाही. खाली रबरी मॅट अंथरा. टेम्पोत रॅचेट पट्टा हवाच. आठ बॅटऱ्या म्हणजे जवळपास ४८ किलो, घाटात सुटल्या तर शिसंच आहे ते. टर्मिनलला टोप्या विसरू नका, एक पाना आडवा पडला की शॉर्ट होऊन संपलं.

एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंग नको, उष्णतेने बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं.

भांडणावर उपाय: बॅटऱ्यांना नंबर द्या, वही ठेवा. भरलेल्या बॅटरीच्या कनेक्टरला लाल टोपी. रोबोत घालताना काढायची. नुसत्या मीटरवर फार विसंबू नका, १२.८ व्होल्ट दाखवणारी बॅटरीही ओढ आली की बसते. हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडून वीस मिनिटं पेटवा आणि बल्ब पेटलेले असतानाच आठही बॅटऱ्यांचा व्होल्टचा आकडा शेजारी शेजारी लिहा. कमजोर लगेच कळते.

मूळ लेखिका:
दादा, बोर्ड उघडला. चार्जर ठोकळेच आहेत आणि डागाच्या सॉकेटची पट्टी बोटाने हलते. १६ ॲम्पिअरचा विषय बंद. अर्थिंग उद्या होतंय, ॲक्रिलिकची ऑर्डर रद्द केली.

बल्बची टेस्टही केली. सात बॅटऱ्या वीस मिनिटांनी बाराच्या वर होत्या, चार नंबरची अकरावर. गेले दोन महिने रोबो मध्येच थांबला की मेकॅनिकलवाली पोरं प्रोग्रॅमिंगवाल्यांना बोलत होती. आता वाटतं, बहुतेक वेळा आत ही चार नंबरच असणार. माफी मागायला मात्र कोणी तयार नाही.