'प्रोमिथियस' : भाच्याला दाखवू का?

जुना_सर्व्हेअर

नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी भाचा येतोय. अकरावीत आहे, पुढे जिऑलॉजी घ्यायचं त्याच्या मनात आहे. घरी नवा मोठा टीव्ही आलाय आणि त्याला माझ्यासोबत रिडली स्कॉटचा 'प्रोमिथियस' बघायचाय. दाखवू की नको, हे माझं ठरत नाहीये. हा सिनेमा मला जितका आवडतो तितकाच त्याचा राग येतो.

राग कुठून येतो ते सांगतो. मी एकतीस वर्षं चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणींमध्ये सर्व्हेअर होतो. २०१२ साली आम्ही दोघं, मी आणि आमचा ओव्हरमन (खाणीत शिफ्टवर देखरेख करणारा), नागपूरला थ्रीडीत बघायला गेलो होतो. पहिल्याच दृश्यात आइसलँडचा डेटिफॉस धबधबा येतो. राखाडी, गाळ घेऊन कोसळणारं पाणी आणि दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे थर. बेसाल्ट! आपल्या सह्याद्रीचा दगड. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा त्यापुढे अगदी कालचा, पण जात एकच. खुर्चीच्या हातावर माझी बोटं आवळली गेली होती.

मग माणसाला कोणी घडवलं हे शोधायला निघालेली मंडळी २०९३ साली एलव्ही-२२३ या दूरच्या चंद्रावर उतरतात आणि त्या प्रचंड घुमटाच्या आत शिरतात. त्यांच्यात फिफिल्ड नावाचा जिऑलॉजिस्ट आहे. तो हवेत छोटे गोळे सोडतो. ते लाल प्रकाशाची रेघ भिंतींवरून फिरवत बोगद्यांत सुसाट जातात, आणि तिकडे जहाजावर अख्ख्या वास्तूचा नकाशा हवेत उभा राहतो. मला काय वाटलं असेल ते सर्व्हेअरलाच कळेल. कोन मोजायचं थिओडोलाइट, छताला ठोकलेलं स्टेशन म्हणजे मोजणीची खूण, त्यातून सोडलेला ओळंबा, कॅप लॅम्पच्या उजेडात वाचलेला आकडा. एक लांब गॅलरी, म्हणजे खाणीतला बोगदा, मोजायला आमची अख्खी शिफ्ट जायची.

आणि मग तोच फिफिल्ड हरवतो. नकाशा ज्याने केला, तोच माणूस. सोबत जीवशास्त्रज्ञ मिलबर्न. बाकीच्यांच्या आधी परत निघालेले हे दोघं आतच राहतात. जहाजावर कॅप्टनला ते नकाशात दिसतायत, बोलणं चालू आहे, तरी त्यांना बाहेरची वाट कोणी सांगत नाही.

आमच्याकडे नवा पोरगासुद्धा पहिल्या आठवड्यात शिकतो की चुकलास तर थांब, वारा कुठून येतोय बघ. ताजी हवा येते त्या रस्त्याने, वारा तोंडावर घेत चालत राहिलास तर बाहेर निघशील. भिंतीवर चुन्याचे बाण असतात. आणि नकाशाचं मोल काय, ते चासनाळाच्या खाणीने शिकवलं. २७ डिसेंबर १९७५, धनबादजवळ, साठलेलं पाणी फुटून खालच्या कामांत, म्हणजे खणलेल्या बोगद्यांत, घुसलं आणि साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. जुनी कामं कुठे संपतात, पाणी कुठे आहे, ती रेघ नकाशावर बिनचूक हवी, हे आमच्या साहेबांनी आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

सिनेमात हे दोघं हरवण्याआधी मोहिमेतला पुरातत्त्वज्ञ हॉलोवे हेल्मेट काढतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड तीन टक्क्यांवर, आत हवा श्वास घेण्याजोगी, असं यंत्र सांगतं, आणि हा सरळ हेल्मेट उतरवतो. पाठोपाठ बाकीचेही. त्या क्षणी माझ्या शेजारी बसलेला ओव्हरमन हळूच म्हणाला, "गॅस कोणी तपासला?" शिफ्ट सुरू होण्याआधी रोज पुढे जाऊन तपासणारा माणूस होता तो. मिथेन वर छताला धरून राहतो, ब्लॅकडॅम्प, म्हणजे गुदमरवणारी जड हवा, खाली खोलगटात बसतो. एका जागी हवा चांगली म्हणून दहा पावलांवर चांगली असेलच असं नसतं. मध्यंतरानंतर तो फारसा बोललाच नाही. तो आता नाही. सिनेमा पुन्हा लावला की ते वाक्य तेवढं ऐकू येतं.

तर प्रश्न असा. माझ्या धंद्यामुळे मला हा सिनेमा दिसतच नाहीये का? की खरंच एवढ्या सुंदर जागेत त्यांनी जागेची भीती नसलेली माणसं सोडली? पोराला काय सांगू?

रोटो_अंधेरी

काका, मी कंपोझिटिंग करते, म्हणजे वेगवेगळी चित्रं जोडून सिनेमातलं एक दृश्य बनवते; सुरुवात रोटोपासून, म्हणजे चित्रातले आकार कापून वेगळे करण्यापासून केली. तुम्ही जे बघितलंत ते बरंचसं खरोखर उभं केलेलं आहे, म्हणून ते तुम्हाला जागा वाटलं. पाइनवुड स्टुडिओत सेट रचणाऱ्या आर्थर मॅक्सने त्या वास्तूचा आतला भाग बांधला होता. आइसलँडला प्रत्यक्ष शूटिंग झालं. छायालेखक डारियस वोल्स्कीने ते थ्रीडी कॅमेऱ्यांवरच टिपलं, नंतर थ्रीडी केलेलं नाही. त्यामुळे बोगद्याची खोली डोळ्याला पटते.

मी कामात अडकले की अजूनही डेव्हिडचा, म्हणजे जहाजावरच्या यंत्रमानवाचा, ताऱ्यांच्या नकाशाचा सीन लावते. तो मधोमध उभा आहे, भोवती ग्रहमाला फिरतायत, आणि तो पृथ्वीचा गोळा दोन्ही हातांत घेतो. त्याच्या चेहऱ्यावर पडणारा उजेड बघा. त्या गोळ्यातूनच येतोय असं वाटतं. असा एक शॉट बसवायला माणसं किती दिवस झटतात ते मला माहीत आहे. व्हिज्युअल इफेक्ट्सच्या ऑस्करचं नामांकनही होतं, ते 'लाइफ ऑफ पाय'ला गेलं.

म्हणून मला तुमच्यापेक्षा जास्त राग येतो. आमच्या लोकांनी दगडाच्या ओलेपणापर्यंत विचार केला, आणि लिहिताना मिलबर्नचा कोणी केला नाही. आधी मेलेला परग्रहवासी बघून तो घाबरून परत फिरतो, आणि त्याच रात्री काळ्या पाण्यातून फणा काढून आलेल्या जिवंत जनावराला चुचकारायला हात पुढे करतो. माणूस एकच, भीती मात्र पटकथेला हवी तेव्हा येते आणि जाते.

तिसरी_घंटा

थोडा विरोध नोंदवतो. ह्या माणसांचा उतावीळपणा हाच सिनेमाचा विषय आहे असं मला वाटतं. आपल्याला कोणी घडवलं हे विचारायला निघालेली माणसं आहेत ही, आणि त्यांनी स्वतः घडवलेला डेव्हिड त्यांच्यासोबत चालतोय. तो हॉलोवेला विचारतो की तुम्ही मला का बनवलंत, आणि उत्तर येतं की बनवता आलं म्हणून. त्यावर डेव्हिड विचारतो की हेच उत्तर तुम्हाला तुमच्या निर्मात्याकडून मिळालं तर? मायकेल फासबेंडरचा चेहरा तिथे जराही हलत नाही, आणि तरी अपमान पोचतो. मी हौशी नाटकं बसवतो. असं न हलता बोलणं शिकवायला महिने जातात.

सगळे झोपलेले असताना तो एकटा जहाजावर वावरतो, भाषा शिकतो, जुना सिनेमा बघून केस तसे करतो. हा भाग भाच्याला जरूर दाखवा.

जुना_सर्व्हेअर

तिसरी घंटा, डेव्हिडबद्दल शंभर टक्के मान्य. आणि का आवडतो ते तुमच्या लिहिण्यावरून आत्ता उमगलं. त्या जहाजावर आपलं काम नीट येणारा तो एकटा आहे. दाराला हात लावण्याआधी तो वाचतो. बोटाच्या टोकावर थेंब घेऊन बघतो. हेतू वाईट असेल, पण लक्ष पूर्ण आहे.

उतावीळपणाचं मात्र पटत नाही. उतावीळ माणसं मी पाहिली आहेत. टनाचा आकडा गाठायचा म्हणून छत न ठोकता पुढे जाणारे पाहिले आहेत. पण त्यांनाही छत ठोकायचं असतं हे ठाऊक असायचं. काठी छताला मारली की भरीव आवाज आला तर ठीक, ढोलासारखा पोकळ आला तर मागे सरा. जो चुकतो, त्याला आपण काय टाळतोय ते माहीत असतं, आणि ते त्याच्या चालण्यात दिसतं. ह्या लोकांच्या चालण्यात ते नाही.

सिस्टर_सातारा

मी प्रसूती वॉर्डात आहे. मोहिमेतली शास्त्रज्ञ शॉ पोटात वाढणारं परकं जनावर काढायला जहाजावरच्या ऑपरेशनच्या मशीनमध्ये स्वतःचं ऑपरेशन करून घेते तो सीन मी श्वास रोखून बघितला. मशीन फक्त पुरुषांसाठी तयार केलेलं, बाई त्यात बसतच नाही, म्हणून ती वेगळं ऑपरेशन टाइप करते. हे फार छान सुचलंय. वेदना, घाई, पोटावर टकाटक बसणारे स्टेपल्स, सगळं अंगावर येतं.

आणि थोड्या वेळात ती धावते. उड्या मारते. आमच्याकडे सिझेरियन झालेल्या बाईला दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठवताना दोघी लागतो. एक हात पाठीला, एक काखेत. ती पोटावर उशी दाबून धरते, खोकला आला तर डोळ्यांतून पाणी येतं. शॉ कळवळते, पोट धरते, सुया टोचून घेते, नाही असं नाही. पण तिच्या पोटात काय होतं हे बाकीचे कोणी विचारतच नाहीत. मला जास्त लागलं ते हे. रक्ताने माखलेली बाई दारात उभी आहे आणि सगळे आपापल्या कामात.

रोटो_अंधेरी

सिस्टर, बरोबर पकडलंत.

काका, पटकथेचं थोडं सांगते. जॉन स्पेट्सचा आधीचा मसुदा १९७९ च्या 'एलियन'शी थेट जोडलेला होता. मग डेमन लिंडेलॉफ आला आणि ते नातं सैल करून निर्मात्याचा शोध पुढे आणला. दोन वेगळ्या सिनेमांची हाडं एका अंगात राहिली, असं मला वाटतं. बरेच प्रश्न पुढच्या भागासाठी ठेवले, आणि २०१७ मध्ये 'कव्हेनंट' आला तेव्हा शॉ आधीच मेलेली निघाली. ज्या प्रश्नासाठी ती इतकी लांब गेली, तो तिच्यासोबतच गेला.

जुना_सर्व्हेअर

'एलियन'चं नाव काढलंत ते बरं झालं. तोही स्कॉटचाच, तेहेतीस वर्षं आधीचा. त्यातली माणसं बोनसवरून कुरकुरतात, यंत्र दुरुस्त करता करता वैतागतात. ही माझी माणसं आहेत. आणि त्यांच्यातल्या केनच्या तोंडावर परग्रहावरचं जनावर चिकटलेलं असताना जहाजावरची अधिकारी रिप्ली दार उघडत नाही. चोवीस तास वेगळं ठेवायचा नियम आहे म्हणते. बाहेर आपलाच माणूस मरतोय, कॅप्टन हुकूम देतोय, तरी ती नाही म्हणते. दार दुसराच कोणी उघडतो. पुढे जे होतं ते नियम मोडल्यामुळे होतं, म्हणून त्याची भीती बसते. तिथे कोणीतरी गॅस तपासायला उभं होतं.

शनिवारचं ठरलं. आधी डेटिफॉसचं दृश्य आणि फिफिल्डचे गोळे, आवाज मोठा करून. मग डेव्हिडचा नकाशा, रोटोताई म्हणतायत तसा उजेड बघत. तिथे थांबवून पोराला विचारीन की तू आत असतास तर आधी काय केलं असतंस. त्याने सांगितलं की मग दोघं मिळून बाकीचा सिनेमा बघू. माझी छत ठोकायची काठी माळ्यावर आहे, ती उतरवून ठेवतो.

सिस्टर_सातारा

काका, तो काय म्हणाला ते इथे नक्की लिहा.