बोलिव्हिया: आधी ला पाझ की आधी सांता क्रूझ?

प्रश्न
फेब्रुवारीत बोलिव्हियाचा अकरा दिवसांचा बेत आहे. विमानाने ला पाझ, तिसऱ्या दिवशी उयुनीचं मिठागर, मग सुक्रे आणि शेवटी सांता क्रूझहून परत. हा क्रम उंचीच्या दृष्टीने ठीक आहे का? पैसे, लस यांचंही सांगा.

प्रतिसाद 1
क्रम उलटा करा. ला पाझचा विमानतळ एल आल्तोला, 4,000 मीटरच्या वर आहे आणि शहर साधारण 3,600 वर. समुद्रसपाटीवरून थेट तिथे उतरलं की पहिल्याच रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. सांता क्रूझ जेमतेम 400 मीटरवर, सुक्रे 2,800 वर. सुक्रेत निदान तीन रात्री काढा, मग पोतोसीमार्गे बसने उयुनी (3,650), सात-आठ तास लागतात. ला पाझ शेवटी.

उयुनीची तीन दिवसांची जीप सफर घेताना मिठागर पहिल्या दिवशी आहे ना, हे विचारून घ्या. मग पहिला मुक्काम मिठागराच्या काठी, जवळपास उयुनीच्याच उंचीवर पडतो. दुसरा लगुना कोलोराडा या तळ्याच्या बाजूला, 4,300 च्या आसपास. उलट्या दिशेच्या सफरीत ही उंचावरची रात्र आधी येते आणि त्रास तिथेच होतो. सोल दे मान्यानाचे गरम फवारे 4,800 च्याही वर आहेत, पण तिथे थांबणं थोडा वेळच असतं. उंचीचा हिशेब रात्री कुठे झोपता यावर करायचा.

प्रतिसाद 2
वरच्याला पूर्ण अनुमोदन, औषधाचं जोडतो. अ‍ॅसिटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर स्वतःच्या मनाने मुळीच नको, डॉक्टरांना विचाराच. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार होते, तेवढ्याने घाबरू नका. मात्र बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरवायचं. अशा वेळी झोपेची गोळी किंवा दारू देऊ नका, श्वास आणखी मंदावतो.

कोकाच्या पानांचा चहा तिथे कायदेशीर आहे आणि सगळीकडे मिळतो. पानं मात्र देशाबाहेर नेऊ नका. त्या चहानंतर अमली पदार्थांच्या चाचणीत दोष दिसू शकतो, नोकरीत तशी चाचणी होत असेल तर चहाही टाळा.

प्रतिसाद 3
क्रम उलटा केलात तर पीतज्वराची लस आणखी महत्त्वाची, कारण हा ताप डासांमुळे सखल भागात होतो आणि सांता क्रूझचा सखल भाग पहिल्याच दिवशी येतो. लस निदान 10 दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं पुस्तक, पासपोर्टसोबत ठेवा. बोलिव्हियाहून येणाऱ्याकडे ते मागणारे देश बरेच आहेत, परतीच्या वाटेवरही लागेल.

पैसे: 2023 पासून डॉलरची टंचाई झाल्यावर अधिकृत आणि बाजारातला दर यांत मोठी तफावत पडली. त्यामुळे निघण्याआधी त्या दिवसाचा दर पाहा. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जराशी फाटलेली किंवा शिक्का पडलेली नोट कोणी घेत नाही. उयुनी सोडण्याआधी बोलिव्हियानो (तिथलं चलन) रोख जवळ हवेत, सफरीत लागणाऱ्या अभयारण्याचं प्रवेशशुल्क, स्वच्छतागृहं, गरम पाण्याची अंघोळ, सगळं रोखीनेच. बसस्थानकावर तिकिटाव्यतिरिक्त स्थानक वापरण्याची छोटी पावती वेगळी घ्यावी लागते, त्यासाठी नाणी ठेवा.

फेब्रुवारीत मिठागरावर पाणी असतं. आरशासारखं प्रतिबिंब दिसेल, पण पाणी जास्त असलं की मिठागरातल्या इंकावासी बेटापर्यंत जीप जात नाही. हे मान्य असेल तरच हा महिना. खारं पाणी बुटात आणि कॅमेऱ्याच्या सांध्यांत वाळून खडे धरतं, रोज गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. ऊन खालूनही परावर्तित होतं, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही सनस्क्रीन लावा.

आणि बेतात एक दिवस मोकळा ठेवा. रस्ता अडवणारी आंदोलनं तिथे नेहमीची, बस मध्येच थांबतात. रस्ते खात्याच्या संकेतस्थळावर बंद रस्त्यांचा नकाशा असतो, तो निघायच्या सकाळी बघायचा.

प्रश्नकर्ता
आभार. सांता क्रूझपासून सुरुवात, सुक्रेत तीन रात्री, सफरीत मिठागर पहिलं. लस याच आठवड्यात घेतो.