हॅम्बल्टोनियन १०: गुण घोड्याचा की घोड्यांच्या रांगेचा?

लगाम (धागाकर्ता):
अमेरिकेत सल्कीला (दोन चाकांची हलकी शर्यतगाडी) जुंपून दुडकीवर पळवतात त्या स्टँडर्डब्रेड जातीच्या घोड्यांची बापाकडची वंशरेषा न्यूयॉर्कच्या ऑरेंज काउंटीतल्या एकाच नरापर्यंत जाते, हॅम्बल्टोनियन १० (१८४९–१८७६; १० हा नोंदवहीतला क्रमांक). विल्यम रिस्डिक नावाच्या शेतगड्याने लंगडी आई आणि शिंगरू मिळून १२५ डॉलरला घेतलेला. पुढे घोडी लावायचेच ५०० डॉलर पडू लागले. माझ्या मते थोरवी फुगवलेली आहे. १,३३१ शिंगरांपैकी अडीच मिनिटांत मैल काढला तो चाळिसेकांनी. शंभरात तीन!

नालबंद:
सपशेल असहमत. पुष्कळ शिंगरं गाडीला जुंपली गेली, त्यांच्यावर घड्याळ लागलंच नाही. अडीच मिनिटांची अधिकृत कसोटी ठरली १८७९ मध्ये, घोडा मेल्यावर. त्यात उंच चाकांची सल्की. हवेच्या टायरची बुटकी चाकं आली १८९२ मध्ये, आणि सुनोल घोडीचा मैलाचा २ मि. ८¼ से.चा विक्रम नॅन्सी हँक्स या घोडीने त्याच हंगामात २ मि. ४ से.वर आणला. तेव्हा जुन्या वेळा आजच्या डोळ्यांनी मोजू नका. बाय द वे, या दोघी कोण? एक इलेक्शनियरची मुलगी, दुसरी हॅपी मीडियमची. हे दोघे हॅम्बल्टोनियनचे मुलगे, म्हणजे ह्याच्याच नाती.
आणि बांधा बघा. पुठ्ठा खांद्यापेक्षा दोन इंच उंच, रेटा सगळा मागून.

खोगीर:
नालबंदराव, चाकांचं पटलं. पण आयांचं काय? १८६७ मध्ये २ मि. १७¼ से. काढणारा हॅम्बल्टोनियनचा मुलगा डेक्स्टर आणि त्याचा सख्खा भाऊ डिक्टेटर, दोघे क्लाराचे, म्हणजे अमेरिकन स्टार या दुसऱ्या घोड्याच्या लेकीचे. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वज. बापाच्या रेषेत त्यातला एकच बसतो. शिवाय वेग वाढला तरी दुडकी मोडून चौखूर न होणं ज्या डीएमआरटी३ जनुकाच्या बदलावर अवलंबून आहे, तो आज या जातीत जवळपास सगळ्यांत दुहेरी आहे. एक प्रत आईकडूनच येते ना?

लगाम:
+१. हेच म्हणत होतो.

नालबंद:
थांबा. त्या १,०२४ खणांत हा एकदाच नाही, कितीतरी वेळा बसलाय, आयांच्या बाजूनेही. आणि वंश चालवला तो चार मुलांनी: जॉर्ज विल्क्स, डिक्टेटर, हॅपी मीडियम, इलेक्शनियर. एका अंगाचे दोन्ही पाय एकदम टाकणाऱ्या पेसरांतला अ‍ॅडिओससुद्धा इलेक्शनियरच्याच रेषेतला. चौघांत स्टारच्या लेकीचा एकटा डिक्टेटर. इलेक्शनियरची आई ग्रीन माउंटन मेड, ती हॅरी क्ले या वेगळ्याच घोड्याची.