पेठ तालुक्यात प्रजनन मार्गाच्या संसर्गाचा अभ्यास : नुसती प्रश्नावली पुरेल का?

पीएसएम_नाशिक
एमडीच्या प्रबंधासाठी पेठमधल्या विवाहित स्त्रिया घेतेय. गाईड म्हणतात, लक्षणं विचारा, तपासणीच्या भानगडीत पडू नका. नमुना किती धरू? मुलाखती आशाताईंनी घेतल्या तर चालेल?

गोदाकाठ
मग शीर्षकात ‘संसर्गाचं प्रमाण’ लिहू नका, ‘सांगितलेली लक्षणं’ लिहा. बंग दांपत्याच्या गडचिरोलीतल्या 1989च्या अभ्यासात 650 स्त्रियांपैकी 55 टक्के जणींची तक्रार होती. तपासल्यावर विकार निघाले 92 टक्के जणींत. उलटही होतं. अंगावरून पांढरं जातं म्हणणाऱ्या कितीतरी जणींना संसर्ग नसतोच.

आशाताई घर दाखवायला हव्यात, मुलाखतीला नकोत. त्या त्याच पाड्यातल्या, कुणाच्या तरी जाऊबाई. नवऱ्याच्या बाहेरच्या संबंधांबद्दल त्यांच्यापुढे कोण बोलेल? परगावची, कोकणा बोली समजणारी मुलगी शोधा. सासू शेजारी बसून असेल तर आधी मुलांच्या लशी विचारा, मुख्य प्रश्न ती उठल्यावर. रंग, वास, खाज वेगवेगळं विचारा, तेही गेल्या 3 महिन्यांपुरतंच.

आकडेमोड
तक्रारींचं प्रमाण 30 टक्के धरलं, अंदाजातली चूक 5 टक्के : 4×30×70÷25 = 336. पाडे निवडून घरं घेणार, एका पाड्यातल्या बायका एकमेकींसारख्या असतात म्हणून नमुना वाढवायचा गुणक, म्हणजे डिझाइन इफेक्ट, 1.5, झाले 504. नकार आणि बंद घरांसाठी 0.9ने भागा, 560.

पण गणितापेक्षा महिना जपा. भात-नागली उरकली की तरुण जोडपी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. जानेवारीत घरोघर फिरलात तर 560 भरतीलही, पण मागे राहिलेल्यांचे. एकतर पावसाळ्यात फिरा, नाहीतर बागांवरच्या झोपड्याही यादीत घ्या.

वय 18च्या पुढेच ठेवा. त्याखालची विवाहित मुलगी आली की पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 19नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक होतं; मग गोपनीयतेचं वचन कुठल्या तोंडाने देणार?

स्लाइडताई
तपासणी टाळायचं कारण नाही. स्पेक्युलम (योनी उघडून बघायचं उपकरण) नको असेल तर बाईने स्वतः योनीतून घेतलेला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवरचा नमुना, चालतो. तो स्लाइडवर फिरवत न्या, घासू नका, पेशी फाटतात. हवेत वाळवा, क्रमांक पेन्सिलीने घाला; शाईचा मिथेनॉलमध्ये पुसला जातो. वाळलेली स्लाइड नाशिकला आणून मिथेनॉलने पक्की करा, ग्रॅम स्टेन करा (जंतू दिसायला रंगवा) आणि दिसलेल्या जंतूंवरून न्यूजंट गुण द्या : 0 ते 3 ठीक, 4 ते 6 मधलं, 7 ते 10 बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीतल्या जंतूंचा तोल बिघडणं). दोन जणांनी एकमेकांचे गुण न बघता वाचा.

ट्रायकोमोनास या परजीवीसाठीचं वेट माउंट (ओला नमुना लगेच बघणं) मात्र पाड्यावर मायक्रोस्कोप असेल तरच. जंतूंची हालचाल थोड्याच वेळात थांबते, मग ओळखता येत नाहीत. स्रावाची आम्लता मोजायची पीएच पट्टी 4 ते 7ची घ्या, 1 ते 14च्या पट्टीवर 4.5 ही सीमा कळत नाही. रक्त आणि वीर्य दोन्ही पीएच वाढवतात, म्हणून पाळीत घेऊ नका आणि आदल्या रात्री संबंध आला का ते विचारा.

पीएसएम_नाशिक
संसर्ग निघालेल्यांना औषध कुठलं? अभ्यासाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी तेच विचारणार.

गोदाकाठ
प्राथमिक आरोग्य केंद्रातलं हिरवं किट 2 (अंगावरून जाण्याच्या तक्रारीसाठीचा तयार औषधांचा संच) : सेक्निडाझोल 2 ग्रॅम, फ्लुकोनाझोल 150 मिग्रॅ. पाळी चुकलेली असेल तर आधी गर्भचाचणी, कारण फ्लुकोनाझोल गरोदरपणात देत नाहीत. ओटीपोटात दुखत असेल तर किटवर भागवू नका, ग्रामीण रुग्णालयात पाठवा. वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र अर्जालाच जोडा.