सांधण दरीत कायमचे बोल्ट, शिड्या आणि बाण हवेत की नकोत?

सातपूरकर

थंडी सुरू झाली की शनिवारी रात्री नाशकातून निघालेल्या ट्रेकच्या गाड्या घोटी, शेंडी, घाटघर करत सांधण दरीच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावाला जाऊन थांबतात. दरी अकोले तालुक्यातली असली तरी तिथल्या गर्दीत आपला वाटा मोठा आहे, म्हणून हा विषय इथेच काढतोय.

माझं स्पष्ट मत आहे की दरीत तीन गोष्टी कायमच्या करून टाकाव्यात. एक, पहिल्या ४५ फुटांच्या कातळटप्प्यावर दोन दोर एकाच वेळी लागतील असे पक्के स्टेनलेस स्टीलचे अँकर, म्हणजे कातळात बोल्ट मारून केलेले दोराचे आधार. दोन, पुढच्या दोन छोट्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या. तीन, दरी संपते तिथून करोली घाटाने साम्रदला परत चढणाऱ्या वाटेवर रंगाचे बाण.

कारण वेळेचं आहे. हार्नेस (कमरेचा पट्टा) तपासायचा, डिसेंडरमध्ये (दोरावरून सावकाश उतरवणाऱ्या उपकरणात) दोर भरायचा, नवखा माणूस कड्यावर मागे झुकायला वेळ घेतो तो वेगळा, मग उतरायचं आणि खाली दोर सोडवून आरोळी द्यायची. माणशी ६ मिनिटं धरली तरी २० जणांना २ तास. एकामागोमाग तीन गट आले तर तिसऱ्या गटाचा पहिला माणूस ४ तास ओल्या कपड्यात, उन्हाचा कवडसा नसलेल्या जागी कुडकुडत बसतो. अंधार पडल्यावर धोंड्यांतून पाय मुरगळतात ते याच उशिरामुळे. कळसूबाईला शिड्या आहेत, रतनगडालाही आहेत. त्याने डोंगर बिघडला असं कोणी म्हणत नाही.

प्रस्तर

शिड्यांना ठाम विरोध. कळसूबाई आणि रतनगडाच्या शिड्या कड्याच्या अंगावर आहेत. तिथे पाऊस लागतो, पण नदी वाहत नाही. सांधण हे पावसाळ्यात वाहतं पात्र आहे. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात एकेका दिवसात २०० मिमीच्या पुढे पाऊस पडतो आणि त्या पठारावरचं पाणी या अरुंद फटीतून कोकणात उतरतं. त्याबरोबर ओंडके येतात, झुडपं मुळांसकट येतात, खोलीएवढे धोंडे जागा सोडतात. शिडीच्या दांड्यांत एक फांदी अडकली की तिच्यामागे पाचोळा साठतो, त्याचा बांध होतो आणि सगळा लोंढा त्या शिडीच्या चार बोल्टांवर येतो. ऑक्टोबरात शिडी दिसायला उभीच असेल, पण वरचा एक बोल्ट दगडात हलत असेल. शिडी नसेल तर माणूस सावध राहून दोर लावतो. शिडी दिसली की तो सरळ पाय ठेवतो.

शिवाय वेळही वाचणार नाही. हरिहर गडाच्या पायऱ्या बघा. पायरीला दोन्ही बाजूंनी हात घालायला खोबणी कोरलेल्या आहेत, इतकं सुंदर काम. तरी सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे त्याच एका माळेवर समोरासमोर येतात आणि सगळंच थांबतं. वाट सोपी झाली की माणसं वाढतात आणि वाचवलेला वेळ तिथेच जातो.

गारगोटी

अँकरच्या बाजूने आहे, पण 'पक्के' या शब्दात काय येतं ते सांगतो, नाहीतर कोणीतरी बाजारातून साधे जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट आणून ठोकेल.

आधी दगड. हे सगळे दख्खनच्या लाव्ह्याचे थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्यात एक थर घट्ट काळ्या कातळाचा असतो, त्याला उभ्या भेगा असतात. दुसरा पोकळ्यांचा, ज्यात पांढऱ्या-हिरवट गारगोट्या भरलेल्या दिसतात. तो ठिसूळ. पाण्याने उभ्या भेगा धरून कातळ पोखरला आणि दोन्ही बाजूंना दोनशे फुटांच्या वर भिंती उभ्या राहिल्या. समोर दिसणारा 'बाण' नावाचा सुळकाही असाच, आजूबाजूचा दगड भेगांवरून सुटून पडला आणि मधला राहिला. म्हणजे ज्या भिंतीत भोक पाडायचं तिच्यात भेगा असणारच.

म्हणून आधी हातोडीने ठोकून बघायचं. खणखणीत आवाज आला तर दगड सलग आहे. बद्द आवाज आला की आत पापुद्रा सुटलेला आहे, तिथे भोक पाडायचंच नाही. गारगोट्यांच्या थरात, आवळल्यावर भोकात फुगणारा बोल्ट पकड घेत नाही, आतला दगडच चुरा होतो. तिथे रेझिनने चिकटवायचा बोल्ट लागतो. भोक पाडल्यावर ब्रश आणि फुंकणीने तीन-चार वेळा साफ करावं लागतं. भुकटी आत राहिली तर रेझिन दगडाला न चिकटता भुकटीला चिकटतं, आणि बोल्ट वरून घट्ट दिसूनही ओढल्यावर अख्खा बाहेर येतो. रेझिन पूर्ण वाळेपर्यंत त्यावर भार टाकायचा नाही.

जाडी १२ मिमी. बोल्ट आणि हँगर (बोल्टच्या तोंडाशी बसणारी, दोर अडकवायची पट्टी) दोन्ही एकाच प्रतीच्या स्टेनलेसचे. स्टेनलेसच्या बोल्टला मुलाम्याचं हँगर लावलं तर दोन धातूंच्या संगतीने ओलाव्यात हँगर लवकर गंजतं. दोन बोल्टांमध्ये किमान वीतभर अंतर, दोघांना जोडणाऱ्या स्लिंगचा (पट्टीच्या फासाचा) कोन ६० अंशांच्या आत. तो कोन १२० झाला तर प्रत्येक बोल्टवर अख्ख्या माणसाचा भार येतो, मग दोन बोल्ट मारून वाटणी काहीच होत नाही. आणि धोंड्यावर बोल्ट कधीही नको, तो धोंडा कितीही मोठा दिसला तरी. अँकर भिंतीतच हवा, पुराच्या खुणेच्या वर.

सातपूरकर

प्रस्तर, ओंडक्यांचा मुद्दा मान्य. पण गर्दी वाढेल म्हणून सुरक्षितता नको, हे पटत नाही. लोक येतातच आहेत. आज जो तो आपापल्या परीने दोर बांधतो, कुठे धोंड्याला, कुठे जुन्या गंजक्या मेखेला. बाणांबद्दल तर हरकत असूच नये.

घोटीकर

बाणांबद्दलच हरकत आहे, भाऊ. दरी संपल्यावरची वाट काही अंतर ओढ्याच्या पात्रातून आणि धोंड्यांतून जाते. धोंड्यावर बाण काढला, पुरात धोंडा उलटला, की बाणही उलटतो. पुढच्या वर्षी तोच बाण माणसाला खालच्या डेहणे गावाच्या दिशेने न नेता कारवीच्या गचपणात घालतो. तैलरंग सहजासहजी जात नाही, त्यामुळे चुकीची खूणही तितकीच टिकते. त्यात प्रत्येक गट आपल्या रंगाचा बाण काढतो, पिवळा एकीकडे, लाल दुसरीकडे.

वर करोली घाटाला लागल्यावर खरी फसगत ढोरवाटांची होते. गुरांची वाट मळलेली, रुंद, पाय आपोआप तिकडे वळतात. ती आडवी जाते आणि पाण्याशी किंवा चरणीशी संपते. घाटाची वाट चढत राहते. वीस-पंचवीस मिनिटं चढ लागलाच नाही तर मागे फिरायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. त्याहून सोपा उपाय साम्रदचा वाटाडे दादा. दहा-बारा माणसांमागे एक. कोणत्या पाण्यात यंदा किती खोली आहे, कुठला धोंडा हलतो, हे त्याला ठाऊक असतं. ते रंगाने लिहिता येत नाही, आणि त्याची मजुरी गावात राहते.

रानवाट

कायद्याची बाजू कोणीच बोललं नाही. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यातल्या अधिवासाची मोडतोड मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. कातळात ड्रिल चालवणं ही हौशी गटांनी परस्पर करायची गोष्टच नाही. आधी अर्ज, मग एकच जागा, एकच काम. आणि रंग तर अजिबात नको. त्या काळ्या भिंतीवर लाल तैलरंगाचा ओघळ बघून जीव तुटतो.

आभाळ

तुम्ही सगळे दोर आणि बोल्टांवर बोलताय. सांधणमध्ये माणूस अडकतो तो पाण्यामुळे. काजव्यांच्या दिवसांत, मे अखेर ते जून, भंडारदऱ्याला गर्दी असते आणि त्यातले काही 'दरी कोरडी आहे' म्हणून आत शिरतात. नेमका वळवाचा काळ. दरीतून आकाशाची एक पट्टी दिसते, पठारावर ढग भरून आले तरी कळत नाही. पाणी अचानक गढूळलं, पाचोळा वाहत आला, वरून गार झोत आला, तर उशीर झालेला असतो. भिंती सरळ आहेत, बाजूला चढायला जागा नाही. मोबाइलला रेंज नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं: पहिला टप्पा उतरून दोर ओढून घेतला की परतीची वाट बंद होते. तो दोर ओढण्याआधी खाली उतरलेली माणसं मोजायची, घड्याळ बघायचं, आकाश बघायचं, दुखापत झालेल्याला विचारायचं. या चारांपैकी एकही ठीक नसेल तर दोर तसाच ठेवायचा आणि जो वर चढू शकतो त्याने मदतीला जायचं. कितीही चांगला बोल्ट मारा, हे तपासलं नाही तर तो बोल्ट माणसाला संकटात उतरवायच्याच कामी येईल.

सातपूरकर

शिड्या आणि बाण मागे घेतो. घोटीकरांचा उलटलेला धोंडा माझ्या ध्यानात नव्हता. पण अँकरची मागणी कायम. परवानगी घेऊन, गारगोटींनी सांगितलं तसं, पहिल्या टप्प्यावर दोन जोड्या. दोन दोर लागले की २० जणांचे २ तास १ तासावर येतात. हे मोजून दिसतंय, यावर तडजोड नाही.

प्रस्तर

अँकरला माझा विरोध मवाळ होतोय, पण एक अट. दर ऑक्टोबरात, पहिला गट उतरायच्या आत, प्रत्येक बोल्ट तपासला जावा. नट सैल आहे का, हँगर फिरतं का, भोकाभोवती केसासारखी भेग उमटली आहे का, गंजाचा तांबूस ओघळ आहे का. तपासणाऱ्याने हँगरला त्या वर्षाचा छोटा बिल्ला अडकवावा. बिल्ला जुना दिसला तर त्या बोल्टवर विसंबायचं नाही, स्वतःचा पर्यायी आधार लावायचा. तपासणीची जबाबदारी कोणी घेत नसेल तर बोल्ट मारूच नयेत, कारण पाच वर्षांनी तोच दुसऱ्या कोणासाठी सापळा होतो.

आभाळ

आणि वेळेची मर्यादा? गटातला शेवटचा माणूस पहिल्या टप्प्यापाशी अमुक वाजेपर्यंत पोचला नाही तर सगळे परत, असं काहीतरी ठरायला हवं.

सातपूरकर

दुपारी १२ धरू या.

प्रस्तर

१२ उशीर होतो. डिसेंबरचा हिशेब करा. दोन दोरांवर २० जण, १ तास. पुढचे दोन टप्पे मिळून दीड तास. मधले आणि खालचे धोंडे अजून दीड तास, आणि तेही कोणाचा पाय मुरगळला नाही तर. म्हणजे १२ ला सुरुवात केली तर तळाशी ४ वाजतात. करोली घाटाला ३ तास लागतात आणि सूर्य ६ च्या सुमारास मावळतो. त्याच दिवशी साम्रदला परतायचं असेल तर ११. खाली पाण्याजवळ मुक्कामाचं सामान बरोबर असेल तरच १२, आणि मग प्रत्येकाकडे डोक्याची बॅटरी हवी, मोबाइलची नाही. धोंड्यांत दोन्ही हात मोकळे लागतात.